सज्जातील मनःशांती

मनःशांतीस्तव हिमालयाची वाट न धरता आपल्याच सज्जात आरामखुर्ची टाकून पक्षिनिरीक्षण करावे, असा जो उपदेश हल्ली निवृत्त कारकुनापासून नामांकित वैद्यापर्यंत सर्वजण मुक्तहस्ते करतात, त्याची वर्दी पक्ष्यांस कोणी दिलेली दिसत नाही. पक्षितज्ज्ञ सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील १९४१ सालचे पुस्तक मांडीवर उघडावे, तो कोकीळ कावळ्यास हुलकावणी देऊन दूर नेतो आणि कोकिळा त्याच्या घरट्यात अंडे घालून परस्पर वारसनोंद करून मोकळी होते. शिंजीर आरशातील स्वतःच्याच प्रतिबिंबावर फिर्याद गुदरतो. कबुतरे कुंडीतील जागेवर पिढीजात वहिवाट सांगतात. तांबटाची ठोकठोक निराळीच. ज्यांचा जन्म कोर्टकचेरीत गेला, त्यांस मात्र या दर्शनाने गाढ स्वस्थता लाभते, कारण येथे वकिलाची फी पडत नाही.