ड्रमर न बोलावता ड्रम वाजवण्याची सोपी रीत

लागणारं साहित्य: लॅपटॉप, हेडफोन, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि ‘मला ताल कळतो’ हा आत्मविश्वास. खरा ड्रमर नको. तो उशिरा येतो आणि त्याचा सेट लिफ्टमध्ये मावत नाही.

पायरी 1: सॅम्पल जमवा. फुकटचे स्नेअर पोत्याने मिळतात. सगळे उतरवून घ्या, एकेक ऐका आणि रविवारी संध्याकाळी पहिल्यावरच परत या. गाणं अजून सुरू झालेलं नाही, म्हणून खट्टू होऊ नका. होम रेकॉर्डिंग म्हणतात ते यालाच.

पायरी 2: ठोके मांडा. जनरल मिडीच्या ठरलेल्या वाटणीत किकचा नंबर 36, स्नेअरचा 38, मिटलेल्या हाय-हॅटचा 42. पहिल्या-तिसऱ्या मात्रेला किक, दुसऱ्या-चौथ्याला स्नेअर, अर्ध्या-अर्ध्या मात्रेला हाय-हॅट. हा एक बार कॉपी करून गाणंभर पेस्ट करा. चार मिनिटांचं काम चार सेकंदांत होतं, आणि ऐकणाऱ्यालाही ते तेवढ्याच वेळात कळतं. कोळीगीत करत असाल तर आधी थांबा. सॉफ्टवेअर बहुधा 4/4 मध्ये उघडतं आणि कोळीगीताची चाल 6/8 ची. ते न बदलता ठोके टाकलेत, तर होडी दर बारला खडकावर.

पायरी 3: क्वांटाइझचं बटण दाबा. पुढे-मागे पडलेला प्रत्येक ठोका मुकाट रेषेवर येतो. 1980 साली रॉजर लिन यांनी एलएम-1 हे खऱ्या ड्रमची सॅम्पल वाजवणारं यंत्र काढलं, तेव्हापासूनची ही सोय. किंमत पाच हजार डॉलरच्या आसपास, आणि तेवढे मोजूनही त्यात क्रॅश किंवा राइड झांज नव्हती. लांब घुमणारा आवाज साठवायला लागणारी मेमरी तेव्हा परवडत नव्हती. पण गंमत पुढेच आहे. ठोके सरळ करणाऱ्या त्याच पेटीत लिन यांनी ते झुलवण्याची, म्हणजे स्विंगची, सोयही ठेवली होती. सरळ केलेला ताल लोकांना सहन होणार नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी माहीत असावं.

पायरी 4: म्हणून आता सगळं बिघडवा. ठोक्याचा जोर 1 ते 127 मध्ये मोजतात. नवशिका सगळे ठोके 127 वर ठेवतो आणि मग हाय-हॅट टाइपरायटरसारखी का वाजते, म्हणून नवं सॅम्पल शोधायला पायरी 1 वर जातो. तसं करू नका. आठ ठोक्यांना 100, 60, 85, 55, 95, 62, 80, 50 असे आकडे देऊन पाहा. स्नेअर दहा मिलिसेकंद मागे ओढा. मिनिटाला शंभर मात्रांच्या लयीत एक मात्रा सहाशे मिलिसेकंदांची असते, त्यामुळे एवढी ढील कानाला चूक वाटत नाही, ऐसपैस वाटते. मोठ्या ठोक्यांच्या मधे 25-30 च्या जोराचे एक-दोन चोरटे स्नेअर पेरा. हे ‘ह्युमनाइझ’ नावाच्या बटणानेही होतं म्हणतात. ते बटण ठोके वाट्टेल तसे उधळतं. ड्रमर मात्र बहुधा एकाच बाजूला झुकतो.

पायरी 5: हात मोजा. ड्रमरला दोन हात आणि दोन पाय असतात. टॉमवर रोल चालू असताना तुमची हाय-हॅट काठीने तशीच टिकटिकत असेल आणि वर क्रॅशही पडत असेल, तर तुम्ही दशभुजा गणपती बसवला आहे.

पायरी 6: तबला आणि ढोलकी. इथे बहुतेक सगळेच आपटतात. ठोका एकदाच वाजून संपतो असं सॉफ्टवेअर धरून चालतं. डग्ग्यावर मात्र ठोका पडल्यानंतर मनगट दाबून मींड काढायची असते, आणि ती दर वेळी वेगळी पडते. एकच ‘धा’ गाणंभर चिकटवला की पाचव्या आवर्तनाला ऐकणारा पाणी प्यायला उठतो. त्यापेक्षा तयार वाजवलेला लूप बरा. त्याची लय ओढून-ताणून बदलू नका, गाणंच त्या लयीला बसवा.

शेवटची सूचना परवान्याची. सॅम्पल आकाशातून पडत नाही, ते कुणीतरी वाजवलेलं असतं. ‘अमेन, ब्रदर’ या 1969 च्या गाण्यातला ग्रेगरी कोलमन यांचा जेमतेम सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला. 2006 साली ते गेले, तोवर त्यांना त्याबद्दल एक पैसाही मिळाला नव्हता. तेव्हा लूप घ्याल तो विकत किंवा रीतसर परवान्याचा घ्या. आणि चौथ्या पायरीवर दुसरी रात्र उलटायला लागली, तर सरळ एखाद्या वादकाला फोन करा. तो दोन टेकमध्ये मोकळा होईल. मानधन त्याच दिवशी हातावर ठेवा.