घरच्या विमानाची पहिली चाचणी : नवशिक्यांसाठी सोपी कृती

साहित्य : स्वतः रिव्हेट मारून पूर्ण केलेलं दोन आसनी विमान, एक. लांबलचक धावपट्टी, एक. मिठाच्या 20 पौंडी पिशव्या, जमतील तेवढ्या. बादली, स्टॉपवॉच, चिकटपट्टी, लाकडाची पातळ पाचर. मांडीला बांधायची वही आणि दोरीनं अडकवलेली पेन्सिल, कारण हातातून सुटलेली पेन्सिल नेमकी रडरच्या पेडलखाली जाते.

ही कृती मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी. तिथे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसानं स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी केलेलं असेल, तर एफएए हे तिथलं सरकारी विमान खातं त्या विमानाला 'एक्स्पेरिमेंटल' म्हणून उडायची परवानगी देते. तो शब्द विमानावर 2 इंची अक्षरांत रंगवावा लागतो, म्हणजे आत बसणाऱ्यानं 'आधी सांगितलं नाही' असं म्हणायला नको. पॉल पोबेरेझनी यांनी 1953 साली अशा हौशांची ईएए ही संघटना काढली. दर वर्षी जुलैअखेर विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला तिची जत्रा भरते, आणि तिथून परतलेला मराठी इंजिनिअर घरी येऊन आधी गराजची लांबी मोजतो. भारतातल्यांनी साहित्यात धीर वाढवून घ्यावा. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं, 2016 च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं, आणि नोंदणीचा कागद हातात पडायला 2017 चा नोव्हेंबर उजाडला.

असो. विमान तयार आहे असं धरून चालू. ते तयार नाही, पण तुम्हाला तसं वाटतंय तेवढं पुरे. आठ वर्षं तुम्ही ते बांधत होता. आता काय काय चुकीचं बांधलंय ते शोधायचं. त्यासाठी एफएए साधारण 40 तास देते, इंजिन आणि प्रॉपेलरची जोडी प्रमाणित असेल तर 25. हल्ली तास मोजण्याऐवजी ठरलेल्या चाचण्या पूर्ण करण्याचाही मार्ग आहे. कोणताही निवडा, या काळात शेजारच्या आसनावर हवा खायला कोणी बसणार नाही. बायको नाही, मेहुणा नाही, पार भारतातून आलेले बाबासुद्धा नाहीत.

पायरी पहिली : पूजा

करावी. फक्त नारळ स्पिनरवर, म्हणजे प्रॉपेलरच्या टोपीवर, फोडू नये, तो बहुधा फायबरग्लासचा असतो आणि आधी तोच फुटतो. लिंबू-मिरची वेग मोजणाऱ्या पिटो नळीला टांगू नये. सगळ्यात जपायचं ते कुंकवाला. विमानाच्या कुशीला दाभणाच्या टोकाएवढं एक भोक दिसेल, आणि स्वस्तिक काढायला जागा शोधणाऱ्या आईला नेमकी तीच जागा गोजिरी वाटेल. तो स्टॅटिक पोर्ट. बाहेरच्या हवेचा दाब तिथून आत जातो. त्यात ओलं कुंकू बसलं की उंचीमापक धावपट्टीच्या उंचीवरच थिजतो. वेगमापक चढताना कमी वेग दाखवतो आणि उतरताना जास्त, म्हणजे उतरताना विमान मंदावत असलं तरी काटा 'चाललंय ते उत्तम' म्हणतो. आईला हात धरून चाकापाशी न्यावं. चाकाला कुंकवाचं वावडं नाही.

पायरी दुसरी : आमंत्रणं

कोणालाही देऊ नयेत. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर तर नाहीच. चाळीस माणसं मोबाइल उगारून उभी राहिली, पेढ्यांचा बॉक्स उघडला गेला, की आडवा वारा तुम्हाला आडवा वाटेनासा होतो. मुहूर्त पंचांगात बघू नका, विंडसॉककडे बघा. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना एकच माणूस बोलवावा : हातात रेडिओ, पायाशी अग्निशामक, आणि 'आज नको' म्हणण्याची हिंमत असलेला.

पायरी तिसरी : वैमानिक

इथे अपमान होईल, सोसावा. बांधकामाच्या वर्षांत तुमचे शनिवार-रविवार ड्रिल मशीनपाशी गेले, विमान उडवण्यात नाही. पत्र्याची धार कशी घासावी हे हाताला कळतं; जमिनीपासून 10 फुटांवर नाक किती उचलावं हे तो विसरलेला असतो. त्याच जातीच्या दुसऱ्याच्या विमानात शिक्षकासोबत तास करा. नाहीतर सरळ एखाद्या मुरलेल्या माणसाला पहिलं उड्डाण करू द्या. जोडीला दुसरा पात्र वैमानिक नेण्याची सोयही एफएएनं 2014 पासून केली आहे. 'माझं विमान, मीच उडवणार' हे वाक्य हँगरमध्ये फार ऐकू येतं. विमानाला मालक कोण ते कळत नाही.

पायरी चौथी : बादली

ही पायरी लोक गाळतात, म्हणून इथे थोडा मुक्काम. चढताना नाक जेवढं वर असेल तेवढं विमान तिरकं उभं करा. कार्बुरेटरपाशी नळी सोडवा, तिचं तोंड बादलीत धरा, स्टॉपवॉच लावा. पंपानं इंधन येत असेल तर पूर्ण ताकदीला इंजिन जेवढं पितं त्याच्या 125 टक्के यायला हवं; वरच्या टाकीतून नुसतं उतरत येत असेल तर 150 टक्के. तासाला 15 गॅलन पिणाऱ्या इंजिनाला पंपानं 19 च्या आसपास मिळायला हवेत. मग बादलीत वाकून बघा. तळाशी फायबरग्लासची पूड असेल, ड्रिलनं निघालेली ॲल्युमिनियमची कुरळी शेव असेल, सीलंटचा एखादा तुकडा असेल. हे सगळं 400 फुटांवर फिल्टरात भेटण्यापेक्षा इथे भेटलेलं बरं. टाकी धुवा, पुन्हा ओता, पुन्हा बघा.

जाता जाता इंधनाची तोटी कुठे बसवलीय तेही बघा. इथे थट्टा बाजूला ठेवतो. गायक जॉन डेन्व्हर 12 ऑक्टोबर 1997 रोजी मॉन्टेरे उपसागरात पडून गेले, ते बर्ट रुटान यांच्या आराखड्यावरून दुसऱ्या कोणी बांधलेल्या लाँग-ईझी विमानात. आराखड्यात समोर असलेली तोटी बांधणाऱ्यानं वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेली होती. तिथे हात घालायला मागे वळलं की उजवा पाय आपसूक रडरवर दाबला जातो, असं तपासात दिसलं. टाकीत इंधन कमी होतं, तोटी हाताशी नव्हती. तुमच्या विमानात पट्टे आवळून, डोळे मिटून प्रत्येक तोटी आणि बटण सापडतं का ते खुर्चीत बसून करून बघा. सापडलं नाही तर उड्डाण पुढे ढकला आणि ड्रिल परत काढा.

धावपट्टीवर विमान नुसतं पळवत बसण्याची हौस आवरा. ब्रेक तापतात, नव्या इंजिनाचे सिलिंडर आतून गुळगुळीत होऊन बसतात, आणि एखादी झुळूक आली की मनात नसताना उड्डाण होतं.

पायरी पाचवी : उड्डाण

चाकं सुटताच तुम्ही ओरडाल. ओरडा, फक्त अंगठा रेडिओच्या बटणावर नाही ना ते पाहा. विमानतळाच्या डोक्यावर 3000 फूट चढा आणि तिथेच घिरट्या घाला, म्हणजे इंजिननं मान टाकली तरी धावपट्टी गाठता येईल. इंजिनात पहिले तास मिनरल ऑइल असतं, आणि पिस्टनच्या रिंगा नीट बसाव्यात म्हणून त्याला 75 टक्क्यांवर राबवायचं. नवं आहे म्हणून लाड नकोत. सिलिंडरच्या तापमानावर नजर ठेवा. लायकमिंग इंजिनांची कमाल मर्यादा 500 अंश फॅरनहाइट आहे, पण इंजिन नातवापर्यंत पोचावं असं वाटत असेल तर 435 च्या खाली ठेवा. वरच हवेत एकदा उतरण्याचं नाटक करून बघा : फ्लॅप, मंद वेग, नाक कुठे राहतं. अर्ध्या तासात खाली या. हँगरवरून झपकन जाऊन दाखवू नका. उतरल्यावर पेढ्याआधी काउलिंग काढा आणि तेल कुठून पाझरलंय ते बोट फिरवून बघा. पाझरलेलं असतंच.

पायरी सहावी : कुरकुरी

आता खरी मजा. स्टिक सोडली की विमान डावीकडे कलतं, विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारा नळीतला चेंडू मध्यात राहत नाही, तीन नंबरचा सिलिंडर तापतो. नवं विमान नव्या सुनेसारखं असतं. सगळे तिला वळण लावायला बघतात, दोष मात्र बहुधा घराचा असतो. पंख जड म्हणून एलेरॉनवर, म्हणजे पंखाच्या मागच्या हलत्या पात्यावर, हात टाकण्याआधी दोन्ही टाक्यांत इंधन सारखं आहे का, दोन्ही फ्लॅप एका रेषेत मिटतात का, चाकांची आवरणं तिरकी बसलीत का, ते बघा. तरीही जड असेल, तर आरव्ही नावाच्या घरी बांधायच्या पुष्कळशा विमानांत एक गावठी वाटणारा पण पक्का उपाय आहे. एलेरॉनची मागची कड पत्रा दुमडून केलेली असते. एका बाजूची ती घडी फळीच्या आधारानं किंचित दाबली की विमान सरळ होतं. किंचित म्हणजे बघणाऱ्याला काही केलंय असं वाटू नये इतकंच. दाबा, उडवा, परत दाबा. बाजू चुकली तर जडपणा दुप्पट होतो, आणि दाबलेली घडी उकलणं हे दाबण्याइतकं सोपं नाही.

चेंडू उजवीकडे पळत असेल तर रडरच्या मागच्या कडेला डाव्या बाजूनं लाकडाची पाचर चिकटपट्टीनं लावा. चेंडू मध्यात आला की पाचर तासून बेताची करा आणि रंगवून पक्की करा. चिकटपट्टी तशीच ठेवून तीन वर्षं उडणारे महाभाग आहेत. तापणाऱ्या सिलिंडरचं मूळ बहुधा बॅफलच्या, म्हणजे हवा सिलिंडरवर वळवणाऱ्या पत्र्यांच्या, फटीत सापडतं. हवा सिलिंडरवरून न जाता शेजारून सटकते. लाल सिलिकॉन भरा.

वेगाबद्दल : हँगरमधल्या खुर्चीत प्रत्येक विमान ताशी 200 मैल जातं. खरा आकडा हवा असेल तर एकाच उंचीवर चारही दिशांना उडून जीपीएसचे आकडे मांडीवरच्या वहीत लिहा, म्हणजे वाऱ्याचं दान वजा होतं. लिहिणं टाळू नका. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं असं आपण अभिमानानं सांगतो, पण विश्वासार्ह समकालीन नोंद दाखवा म्हटलं की आपली पंचाईत होते.

पायरी सातवी : मीठ

शेजारच्या आसनावर आणि मागच्या सामानाच्या जागेत मिठाच्या पिशव्या ठेवून वजन आणि गुरुत्वमध्य एकेका पिशवीनं मागे सरकवत न्या. पिशव्या करकचून बांधा. प्रत्येक पायरीवर पुरेशा उंचीवर जाऊन विमान स्टॉल करा, म्हणजे पंखांनी उचलणं सोडेपर्यंत मंद करा, आणि नाक खाली घालून ते स्वतःहून सावरतं का ते बघा. गुरुत्वमध्य मागे गेला की स्टिक हलकी लागते आणि विमान लोण्यासारखं वळतंय असं वाटून माणूस खूश होतो. खूश होऊ नका. इथेच एकाच पिशवीचा फरक फार महाग पडतो.

चाचण्या संपल्या की लॉगबुकात लिहायचं : विमान सर्व नेहमीच्या वेगांत आणि हालचालींत ताब्यात राहतं, त्यात धोकादायक खोड नाही, स्टॉलचा वेग अमुक, चढाईचे वेग तमुक, त्या वेळचं वजन आणि गुरुत्वमध्य एवढा. खाली सही तुमची. मग पिशव्या काढा आणि माणूस बसवा. त्याच्या समोर एक पाटी असते : हे विमान हौशी माणसानं बांधलंय, नेहमीच्या विमानांचे सुरक्षा नियम ते पाळत नाही. ती त्याला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि त्यानंतरही तो उतरला नाही तरच इंजिन सुरू करा.