कॉलेजपासून दोन मिनिटांवर

सीईटी सेलच्या यादीत पोराला पुण्याचं कॉलेज लागलं, की आमच्या मुरुडात पेढा तोंडात टाकता टाकता प्रत्येक जण एकच विचारतो, "राहायची सोय काय?" ब्रँच कुठली, कॉलेज बरं आहे का, याची चौकशी पेढा संपल्यावर, आणि तीही उरकल्यासारखी. मुंबई-पुण्याकडच्या नातेवाइकांचे फोन येतात. "आमच्याकडेच राहिला असता हो, पण यंदा पिंट्याची दहावी." पिंट्याची दहावी ही कोकणातल्या प्रत्येक घराच्या शहरी शाखेत कायम चालू असते. माझ्या वेळीही होती.

आता कुणी म्हणेल, एवढ्या लांब जायचंच कशाला? आर्ट्स-कॉमर्सला गावात कॉलेज आहे, घरचं जेवून जाता येतं. इंजिनिअरिंग हवं तर बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ लोणेऱ्याला, म्हणजे आपल्या रायगडातच. पण लोणेरे मुंबई-गोवा महामार्गावर आहे आणि या महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे. घरून जाऊन-येऊन शिकायचं ठरवलं तर पोराची डिग्री आधी होईल की रस्ता, यावर पैज लावता येईल. तेव्हा होस्टेल तिथेही आलंच.

खोली शोधण्याचा मुहूर्त मात्र नामी असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, राजपुरीहून जंजिरा किल्ल्यात जाणाऱ्या होड्या बंद, किनाऱ्यावरचे घोडे तबेल्यात. मुरुडकराला वर्षात सवड मिळते ती याच दिवसांत, आणि खिसा रिकामा असतो तोही याच दिवसांत. आमच्या आळीतले भाऊ अशा भर जुलैत लेकाला घेऊन पुण्याला निघाले. "तुम्ही पेपरात लिहिता, घरमालक जरा टरकून राहतील," म्हणून मलाही सोबत घेतलं. कुणीही टरकलं नाही.

नऱ्हे-आंबेगावच्या बाजूला विजेच्या प्रत्येक खांबावर एक कागद होता : 'मुलांसाठी कॉट बेसिसवर जागा मिळेल.' पहिल्याच ठिकाणी मालकीणबाई म्हणाल्या, "कॉलेज इथून दोन मिनिटांवर." आम्ही चालून पाहिलं. चढ, नाला, हायवेखालचा बोगदा, पुन्हा चढ. पंचवीस मिनिटांनी कॉलेजची पाटी दिसली, कॉलेज नव्हे. मी भाऊंकडे पाहिलं, तर ते भलतीकडे बघत होते. कारण मुरुडात त्यांच्या फाटकावर जी पाटी आहे, 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय', तिच्याखाली लाल अक्षरांत लिहिलंय : 'समुद्र दोन मिनिटांवर.' तो रस्ता मला माहीत आहे. मध्ये दोन सुपारीच्या वाड्या आणि एक गटार लागतं.

त्यानंतर मालकीणबाई बोलत गेल्या आणि भाऊ वितळत गेले. "घरच्यासारखं वातावरण आहे." हे भाऊंचंच वाक्य. "गर्दीच्या सीझनला एवढ्यात मिळणार नाही, आज ठरवलंत तर बघते." हेही त्यांचंच, ३१ डिसेंबरचं. शेवटी धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला विचारावं तसं त्यांनी हळूच विचारलं, "गरम पाणी सोलरचं ना? मग पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात मुलं तशीही आंघोळ कमीच करतात."

भाऊंनी हे उत्तर मनात टिपून घेतल्याचं मला स्पष्ट दिसलं.

खोल्यांचे प्रकार कळायला मात्र मला दुपार उजाडली. टू शेअरिंग म्हणजे थ्री शेअरिंगचीच खोली, तिसरा अजून यायचाय एवढंच. सिंगल म्हणजे त्याच खोलीत मधोमध प्लायवूड. शेजारच्याने कूस बदलली की आपल्याला कळतं आणि त्याचा फोन आला की आपण 'हॅलो' म्हणतो. एसी रूममध्ये एसी असतो, रिमोट खाली मालकिणीच्या कपाटात. आणि अटॅच म्हणजे संडास खोलीला जोडलेला. कुठल्या खोलीला, ते आधी विचारून घ्यावं. या सगळ्याच्या बुडाशी असते ती कॉट. लोखंडी सांगाडा, वर फळी, गादी ज्याची त्याने आणायची. उशाकडच्या भिंतीवर आधीच्या कुणीतरी पेनाने थर्मोडायनॅमिक्सची दोन सूत्रं आणि त्याखाली मेसचा हिशेब लिहिला होता. हिशेब बरोबर होता. भाऊंनी चपला काढल्या आणि सरळ आडवे झाले. घोट्यापासून पुढचे पाय बाहेर.

"मुलं गुडघे मुडपूनच झोपतात," बाई म्हणाल्या.

कॉट बेसिस हे पुण्याचं मोठं संशोधन आहे असं कुणी समजू नये. गिरणगावात कोकणातल्या गावोगावच्या मंडळांच्या खोल्या होत्या, तिथे कॉटसुद्धा नव्हती. भिंतीशी ट्रंका आणि झोप पाळीप्रमाणे : दिवसपाळीचा उठून गेला की रातपाळीचा त्याच जागेवर आडवा. जेवायला खाणावळ. गोवेकरांचे धोबीतलावाकडचे कूडही याच गोत्रातले. तिथे डिपॉझिट म्हणजे तुम्ही अमुक गावचे असणं, आणि ते रंगकामासाठी कुणी कापून घेत नसे.

गावाचं नाव आताही विचारतात, पण सोयरिकीच्या हिशेबाने. "मुरुड म्हणजे कोकण ना? म्हणजे... मासे?" भाऊंच्या लेकाने बॅगेवर हात ठेवला. आत आईने दिलेला सुका जवळा होता. लोणच्याच्या बरणीत, तीन पिशव्यांत, टॉवेलात गुंडाळून. तरी तो तिथे आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. "आमच्याकडे प्युअर व्हेज," बाई म्हणाल्या. खोलीचं भाडं देणाऱ्याच्या पोटात काय असावं, हेही आता भाडेकरारात येतं. आणि ज्याचं आडनाव ऐकल्यावरच खोली 'कालच गेली' असं कळतं, अशा आमच्याच गावच्या पोराला तर जवळ्यापर्यंत पोचताच येत नाही. मुरुडात अशी घरं कमी नाहीत.

खरं तर या बाबतीत महाराष्ट्राने बरीच मजल मारली होती. राजर्षी शाहूंनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढे एकेका समाजासाठी बोर्डिंगं काढून दिली. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एकाच छपराखाली, एकाच पंगतीला बसवली. त्या बोर्डिंगला शाहूंचं नाव दिलं गेलं ते १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते. ही पंगत बसवायला एवढे कष्ट पडले. आणि २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीत मेसमधली सहा टेबलं फक्त शाकाहारींसाठी राखून ठेवली गेली, आणि त्याचा निषेध म्हणून तिथे बसून मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. दहा हजारांत आमच्याकडे सुरमईच्या थाळ्या घेऊन अख्खा वर्ग जेवतो.

सरकार विद्यार्थ्याकडे लक्ष देत नाही असंही नाही. अनुसूचित जातीच्या ज्या मुलाला सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्याला राज्य सरकार स्वाधार योजनेतून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये देतं. त्यात राहण्यासाठी धरलेत २०,००० रुपये, वर्षाचे. इकडे जीएसटी कौन्सिलने जून २०२४ मध्ये ठरवलं, की होस्टेलचं भाडं माणशी २०,००० रुपयांपर्यंत असेल आणि मुक्काम सलग ९० दिवसांचा असेल, तर कर माफ. हे २०,००० महिन्याचे. आकड्यावर दोघांचं एकमत आहे. फक्त एकाच्या मते विद्यार्थी तेवढ्यात वर्षभर राहतो आणि दुसऱ्याच्या मते तीस दिवस. भाऊंनी हे ऐकलं आणि म्हणाले, "महिन्याला वीस हजारवाली ती पोरं आमच्याकडे वीकेंडला येतात. एक्स्ट्रा सोलकढीचे पैसे देताना भांडतात."

भाऊंच्या पुतणीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, म्हणून परतताना एक मुलींचं होस्टेलही पाहिलं. रेक्टरबाईंनी नियम वाचून दाखवले. दार साडेआठला बंद, वडिलांनासुद्धा जिन्याच्या पुढे प्रवेश नाही, सख्ख्या भावाने आधारकार्ड आणावं. जंजिरा सिद्दीने एवढी वर्षं कसा राखला, याचा मला त्या दिवशी उलगडा झाला. मुलांच्या होस्टेलला फाटकच नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "मुलांचं काय, येतात कधीही."

अखेर भाऊंनी थ्री शेअरिंग घेतली. महिना साडेसात हजार, दोन महिन्यांचं डिपॉझिट आगाऊ, लाइटबिल वेगळं, पाहुणा राहिला तर रात्रीचे दोनशे. पोराने बाईंना विचारलं, "काकू, खिडकी उघडते का?" काकू म्हणाल्या, "उघडायची कशाला?" जवळ्याची बरणी माझ्याबरोबर मुरुडला परत आली.

घरी येऊन भाऊंनी आठवडाभरात पोराची खोली रंगवली. मधोमध प्लायवूड ठोकलं, एका बाजूला एसी बसवला, रिमोट वहिनींच्या कपाटात गेला. दरपत्रकात 'लाइटबिल वेगळं' ही ओळ वाढली. आमच्या आळीत आता टू शेअरिंगही मिळतं. थर्मोडायनॅमिक्सचं शिक्षण त्यातूनच निघणार असल्याने कुणाची तक्रार नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पोराचा फोन आला, सुट्टी लागली, शुक्रवारी रात्री पोचतो. भाऊंनी वही उघडली.

"शुक्रवार ते मंगळवार फुल आहे रे. आधी सांगायचं होतंस. पडवीत एक कॉट टाकतो." मग पान उलटत, सवयीने, "नुसता राहणार आहेस, की जेवणासकट?"