सहभागी नियोजन, पाठ पहिला: कारधा

लहान शहराच्या नियोजनात सहभागी व्हायचं ठरवलंत, अभिनंदन! सरावाला कारध्यासारखं गाव दुसरं नाही. वैनगंगेच्या एका काठावर भंडारा, दुसऱ्यावर कारधा. राहणं इकडे, कचेरी, कॉलेज, बाजार तिकडे.

साहित्य: निळ्या शाईचा पेन, आधारची झेरॉक्स, दोन स्थानिक वर्तमानपत्रं आणि असल्यास सातबारा. नसल्यास काय, ते पुढे कळेल.

पायरी पहिली: हद्द ओळखा. पुलाच्या त्या टोकाला नगरपरिषद, या टोकाला ग्रामपंचायत. रस्ता राष्ट्रीय महामार्ग 53, म्हणजे कारभार दिल्लीपर्यंत. खाली वाहतं ते जलसंपदा. तेव्हा टी-पॉइंटवर गाडी घसरली तर तक्रारीआधी मालकी ठरवा: खड्डा महामार्गाचा, त्यातलं पाणी नालीचं, नाली पंचायतीची आणि मोडलेला पाय तुमचा. हे सगळे एका टेबलाशी बसतात का? बसतात, बहुधा कोणी मंत्री येणार असले की.

पायरी दुसरी: ग्रामसभेला जा. वर्षातून किमान चार व्हायलाच हव्यात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी आकडा पुरतो. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब करतात, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. लोकसहभागाची इतकी सोय जगात क्वचितच कुठे असेल! मात्र ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, ती चुकवू नका. पोरं महामार्ग कुठून ओलांडतात, बस थांब्याच्या किती पुढे जाऊन थांबते, अंधार नेमका कुठे पडतो, हे रोज पायी जाणाऱ्या बायांना ठाऊक असतं. सल्लागार कंपनी याच माहितीला ‘वाहतूक सर्वेक्षण’ म्हणते आणि त्याचे पैसे घेते.

पायरी तिसरी: महामार्गाला हरकत घ्या. इथे वर्तमानपत्रं कामी येतात. 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यात जमीन घेण्याच्या अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावा लागतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. अधिसूचना निघाली की 21 दिवसांत लेखी हरकत द्यायची. हरकत कोणी घ्यायची? त्या जमिनीत ज्याचा हितसंबंध आहे त्याने. म्हणजे ज्याच्या धुऱ्यावरून रस्ता जातो त्याला बोलता येतं. ज्या मुलीला सायकलीवरून तो रोज ओलांडायचाय, तिचा हितसंबंध कायद्याला दिसत नाही. सातबारा नसल्यास काय, ते आता कळलं. रस्ता आखताना जमीन मोजतात, माणसं मोजत नाहीत. नियोजनातलं माझ्या मते मोठं दुखणं हेच.

पायरी चौथी सोपी आहे, म्हणून कोणी करत नाही. 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की 30 दिवसांत सूचना-हरकती मागवतात, आणि त्या ‘कोणतीही व्यक्ती’ देऊ शकते. सातबारा नको, घरपट्टीची पावती नको. भंडाऱ्याच्या आराखड्यावर कारध्याचा माणूसही लिहू शकतो: तुमच्या बाजाराचं अर्धं गिऱ्हाईक पुलावरून येतं जी, पायी चालायला जागा सोडा. नियोजन समितीपुढे सुनावणी मिळते. तिथे ‘वाहतुकीची समस्या गंभीर आहे’ असं भाषण करू नका. सर्व्हे नंबर सांगा, रुंदी सांगा, नकाशावर बोट ठेवा.

इतका अभ्यास झाल्यावर नदीकडे वळा, कारण तिला मुदत लागू नाही. पुलाजवळच्या मोजपट्टीवर धोक्याची पातळी 245.50 मीटर. पावसाळ्यात आख्खा जिल्हा ‘कारध्याला किती?’ असं विचारतो. 2020 च्या ऑगस्टअखेरीस नदीने ती पातळी ओलांडली आणि भंडाऱ्याच्या वस्त्यांत शिरली. वर मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यातलं संजय सरोवर, खाली 33 दारांचं गोसेखुर्द. कारध्यात पाणी किती चढणार, हे या दोन्हीकडच्या दारांवर अवलंबून. त्यातलं एक तर दुसऱ्या राज्यात. तरी नवं ले-आउट पडताना ‘इथं 2020 ला पाणी कुठवर होतं?’ हे विचारायला कोणताही कायदा तुम्हाला अडवत नाही. विचारा, आणि शेजारच्या म्हाताऱ्यालाच विचारा. प्लॉट विकणाऱ्याची स्मरणशक्ती त्या वर्षापुरती कमजोर असते.

रेल्वेचा पाठ यात नाही. स्टेशनचं नाव भंडारा रोड, गाव वरठी. शहरापासून इतकं दूर स्टेशन का, असा प्रश्न ज्याला पडतो त्याने पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी.

शेवटची सूचना: अर्ज कुठेही द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पोच नसेल तर तुम्ही हरकत घेतलीच नव्हती.