एक होमस्टे, बारा साईट

ताडोबाच्या मोहर्ली गेटजवळ दोन खोल्यांचा होमस्टे काढलात, अभिनंदन. आता गरम पाणी, मच्छरदाणी असले किरकोळ विषय बाजूला ठेवा आणि गुगलवर वर यायच्या मागे लागा.

आधी एक साईट करा. मग तीच जशीच्या तशी बारा नावांनी उभी करा: एकीत ‘ताडोबा’ आधी आणि ‘सफारी’ नंतर, दुसरीत उलट. अकरा साईटवरून मूळ साईटला लिंक द्या. गुगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली मांडलेली पेजरँकची पद्धत लिंकला मतच समजते, तेव्हा अकरा मते घरबसल्या पडली. सगळी एकाच बोटाने टाकलेली आहेत, हे कोणाला कळतेय!

गुगलला कळते. ताडोबात एकच वाघ दहा कॅमेऱ्यांत सापडला तरी पट्टे जुळवून गणतीत तो एकच धरतात. सारख्या पानांचाही असाच गठ्ठा बांधला जातो, त्यातले एक मूळ मानले जाते आणि बाकीच्या प्रतींवरच्या लिंकना वेगळे वजन असे फारसे मिळत नाही.

पुढची पायरी घाबरण्याची. कोणी भुरट्याने तुमची साईट लिंकांसकट उचलून स्वतःच्या नावावर चढवली, की ‘विषारी बॅकलिंक’ साफ करून देणारा एखादा तज्ज्ञ भेटेलच. पैसे लगेच द्या. सप्टेंबर २०१६ पासून गुगलचा लिंक तपासणारा पेंग्विन अशा लिंकांपायी साईट खाली ढकलत नाही, लिंकच बाद धरतो, हे त्याला विचारू नका. बिचाऱ्याचे पोट आहे.

एवढे करूनही नुकसान होत नसेल तर स्वतः मेहनत घ्या. ‘कमलापूरच्या हत्तींशेजारी ताडोबा होमस्टे’, ‘हेमलकसाहून हाकेच्या अंतरावर’ अशी गावागणिक पाने काढा. दोन्ही गावे गडचिरोलीत; हेमलकसा तर भामरागड तालुक्यात, मोहर्लीपासून दीडशे किलोमीटरच्या पलीकडे; हाक जरा मोठ्याने मारावी लागेल. शोधणाऱ्याला चकवून एकाच दाराशी आणणारी असली पाने मात्र गुगलच्या नियमांचा थेट भंग करतात. तिथे माणूस तपासून दंड करू शकतो आणि तशी सूचना साईटमालकाला गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये येते. दुसऱ्याने केलेली नक्कल सहसा बाधत नाही, स्वतः मांडलेला बाजार बाधतो.

शिवाय बारा साईटवर बारा दर आणि दोन बंद पडलेले फोन नंबर. गिऱ्हाईक त्यातल्याच एकावर फोन लावते.

तेव्हा भाऊ, अकरा साईट मूळ साईटकडे वळवा. त्या एकीवर चालू नंबर टाका, कोणते गेट किती लांब ते लिहा, सफारीचे बुकिंग वन विभागाच्या साईटवरच करा असे सांगा. आणि ताडोबाचा कोअर भाग मंगळवारी बंद असतो, हे ठळक अक्षरांत आजच लिहा.