उताराचा उपासक

नागपुरातील मोटारशौकिनांच्या ज्या उपशाखेचे येथे वर्णन करावयाचे आहे, तिला ‘प्रभातचालक’ ही संज्ञा देणे सोयीचे ठरेल. रविवारी पहाटे साडेचारच्या सुमारास जुनी, बिनटपाची मोटार घेऊन डोंगराच्या दिशेने निघणारा, वयाने पन्नाशी ओलांडलेला आणि पत्नीच्या मते अद्याप विशीतच अडकलेला गृहस्थ, अशी त्याची व्याख्या करता येते. समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवरील ज्या सपाट शहरात सेमिनरी हिल्सच्या चढणीलाही लोक डोंगर म्हणतात, तेथे ही शाखा का रुजावी, हा प्रश्न अभ्यासकाला पडणे स्वाभाविक आहे. पण त्याचे उत्तर भूगोलात नसून गाडीच्या स्टार्टरमध्ये आहे.

‘स्पोर्ट्स कार’ म्हणजे माणसे कमी, सामान नाममात्र आणि हौस भरपूर वाहून नेणारी मोटार. अशी अस्सल विलायती गाडी प्रभातचालकाला सहसा परवडत नसल्यामुळे तो स्टँडर्ड हेराल्डवर भागवतो. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ मध्ये बाजारात आणलेली ही गाडी, ९४८ सीसीचे इंजिन आणि दोन दारे असलेली, मुळात मध्यमवर्गीय कुटुंबासाठी होती. परंतु ट्रायम्फ कंपनीने १९६२ मध्ये विलायतेत काढलेली स्पिटफायर ही खरीखुरी स्पोर्ट्स कार हेराल्डचीच चासी आखूड करून बांधलेली होती आणि दोन्हींचा घाट मिकेलॉती या एकाच इटालियन कलावंताचा होता. हे नाते प्रभातचालक एखाद्या संस्थानिकाने वंशावळ सांगावी तसे सांगतो. हेराल्डचे छप्पर बोल्टांनी बसवलेले असल्याने ते काढता येते, आणि ते एकदा काढले की वंशशुद्धीविषयी शंका उरत नाही, निदान पाऊस येईपर्यंत तरी.

त्याच्या दिनक्रमातील सर्वांत गंभीर विधी म्हणजे गाडी चालू करणे. चोक, म्हणजे थंड इंजिनाकडे जाणारी हवा रोखून पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी कळ, किती ओढावा हे प्रत्येक गाडीचे गुपित असते आणि ते गाडी दर आठवड्याला बदलते. स्टार्टरने नकार दिल्यावर एकच मार्ग उरतो: गाडी उतारावर सोडावी, क्लच दाबून दुसरा गेअर टाकावा आणि वेग आला की क्लच सोडावा. म्हणूनच हा गृहस्थ घर निवडताना नळाच्या पाण्याआधी गल्लीचा उतार पाहतो, लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेवरील कार्यालयाचा पत्ता वाचून तेथील पार्किंगचा कल आठवतो आणि गाडीचे नाक नेहमी खालच्या बाजूस ठेवतो. इतरांना डोंगर चढण्यासाठी लागतो. याला तो उतरण्यासाठी लागतो.

त्याचे नित्याचे तीर्थ म्हणजे सुमारे पन्नास किलोमीटरवरील रामटेक. कामठी आणि कन्हान मागे टाकून मनसरला वळेपर्यंत उजाडू लागते, आणि गडाच्या रस्त्याला लागल्यावर तो शेजारी बसलेल्या मेव्हण्याला हेराल्डच्या मागच्या आसाचा दोष समजावून सांगतो: या आसाचे दोन भाग मध्यभागी बिजागरीसारखे हलतात, त्यामुळे वेगात वळताना ॲक्सिलरेटरवरून एकाएकी पाय काढला तर बाहेरचे चाक आत दुमडून गाडीची शेपटी निसटू शकते. वेग ताशी पंचवीस असल्याने हा धोका तात्त्विक स्वरूपाचाच राहतो, तरी मेव्हणा दाराची कड घट्ट धरतो. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे प्रतिपादन होते. यक्षाला मेघासाठी आषाढाची वाट पाहावी लागली. प्रभातचालकाचा मेघ मात्र बारमाही असून तो रेडिएटरमधून निघतो. पाणी निवेपर्यंत खिंडसी तलावाकडे पाहत उभे राहणे यालाच तो निसर्गप्रेम म्हणतो. हजार मीटरांहून उंच असलेल्या चिखलदऱ्याचा घाट तो गेली कित्येक वर्षे पुढच्या हिवाळ्यात करणार आहे.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूप राखलेल्या खासगी वाहनाला वीस हजार रुपये शुल्क भरून ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. असे वाहन नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, मात्र प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठी आणता येते. हा मसुदा एखाद्या हेराल्डवाल्यानेच लिहिला असावा अशी शंका येते, कारण त्याच्या सफरीत या पाच गोष्टींखेरीज सहावी काही घडतच नाही, आणि नियमितपणाचा आरोप तर त्याच्या गाडीवर मिस्त्रीसुद्धा करणार नाही.

परतीचा शेवट तर्री पोह्यांवर, म्हणजे हरभऱ्याचा तिखटजाळ रस्सा ओतलेल्या पोह्यांवर, कस्तुरचंद पार्कपाशी होतो. भुकेच्या भरात एरवीची सावधगिरी सुटते आणि गाडी नेमकी सपाटीवर उभी राहते. मग दुसऱ्या प्लेटीनंतर तो उगाच घड्याळाकडे, मग आकाशाकडे आणि अखेर आसपासच्या तरुण मंडळींकडे पाहू लागतो, ती हात पुसत उठतात आणि त्यांतला एक विचारतो, “काहून जी भाऊ, आजही धक्का द्याचा का?”