अमूर्त मुद्देमालाचा पंचनामा

चोरी म्हणजे एकाच्या घरून वस्तू जाणे आणि ती दुसऱ्याच्या घरी सापडणे, एवढ्या साध्या व्याख्येवर ज्यांनी उभी हयात फौजदारी केली, त्यांना न्यूयॉर्कचा एक खटला ऐकवला, तर ते पेन्शनही परत करतील, अशी आम्हांस धास्ती वाटते.

2009 च्या जूनमध्ये गोल्डमन सॅक्स या मातबर पेढीतील सर्गेई अलेनिकोव्ह या प्रोग्रामरने, नोकरीच्या अखेरच्या दिवशी, निरोपसमारंभास जाण्यापूर्वी, पापणी लवण्याआत समभागांचे सौदे करणाऱ्या यंत्रणेच्या सोर्स कोडच्या 5 लाखांहून अधिक ओळी जर्मनीतील एका सर्व्हरवर रवाना केल्या. वार्षिक 4 लाख डॉलरची चाकरी सोडून तो 10 लाखांहून अधिक देणाऱ्या पेढीकडे निघाला होता. दरवानाने त्याचा डबा, खिसे आणि जोडे तपासले असते, तरी काय सापडते? फिर्यादीने गेल्या मालाची यादी करावी, तर यादीतील यच्चयावत जिन्नस कोठारात हजर, एका स्वल्पविरामाचीही तूट नाही! (त्या ऐवजात परोपकारी लोकांनी जगाला फुकट वाटलेल्या मुक्त सॉफ्टवेअरचाही अंश होता, पण सावकाराच्या तिजोरीत एकदा शिरलेले तीर्थ परत गंगेचे राहत नाही.)

97 महिन्यांची शिक्षा झाली, सुमारे वर्षभर तुरुंगही घडला. आणि 2012 च्या फेब्रुवारीत अपील न्यायालयाने त्यास सोडून दिले. कारण कोड हा हाती धरण्याजोगा 'माल' नव्हे. शिवाय पेढीस ही यंत्रणा विकावयाचीच नव्हती, सबब व्यापारी गुपितांचा तत्कालीन कायदाही तीस लागू नाही. जे रहस्य इतक्या निष्ठेने जपावे, की ते बाजारात मांडण्याचा विचार स्वप्नातही येऊ नये, तेच निराधार! त्याच डिसेंबरात अमेरिकी काँग्रेसने घाईघाईने कायद्याला ठिगळ लावले.

दरम्यान न्यूयॉर्क राज्याने त्याच कृत्याबद्दल निराळी फिर्याद गुदरली. राज्याचा कायदा 1967 सालचा. नक्कल 'मूर्त' असावी, ही त्याची अट. तीवर वर्षानुवर्षे खल होऊन 2018 साली राज्याच्या अत्युच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की कोडची नक्कल डिस्कवर जागा व्यापते, सबब ती मूर्त होय. जागा व्यापते म्हटल्यावर चतुःसीमा ओघानेच आल्या. तेव्हा त्या 5 लाख ओळींच्या पूर्वेस काय आणि पश्चिमेस कोणाचे कुंपण, हे लिहून घेण्यास जर्मनीस कोणता तलाठी रवाना झाला, एवढेच कळावयाचे राहिले आहे.